दुमजली घरासाठी वायफाय राउटर: मोठा एक घ्यावा की छोटे दोन?

अबोली

नमस्कार मंडळी. घरचा राउटर बदलायचा आहे आणि गेले पंधरा दिवस मी नुसती खोक्यांवरची माहिती वाचतेय. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून धागा काढते.

घर दुमजली आहे. फायबरची तार खाली पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात येते. कनेक्शनबरोबर मिळालेला डबा, म्हणजे मोडेम आणि वायफाय एकत्र असलेला, तिथेच टीव्हीखालच्या लाकडी कपाटात ठेवलाय. प्लॅन २०० एमबीपीएसचा. माझी कामाची खोली वर, मागच्या टोकाला. आईची खोली वर मधे, आणि मुलगी जिन्याजवळच्या खोलीत अभ्यासाला बसते.

माझ्या खोलीत मीटिंग चालू असताना आवाज तुटतो. दिवसातून दोन-तीनदा तरी मी पूर्ण बाहेर फेकली जाते. आईचा गुडघ्याच्या व्यायामाचा वर्ग व्हिडिओवर असतो. चित्र थिजलं की पाय कुठे न्यायचा ते तिला कळत नाही आणि ती तशीच अवघडून थांबते. ते बघवत नाही, म्हणून आता खर्च करायची तयारी आहे.

आठ अँटेनांचा एएक्स५४०० राउटर मनात भरलाय. एवढ्या ताकदीचा घेतला तर वरपर्यंत पोचेल ना?

तारवाला

अबोलीताई, घरं आणि कचेऱ्यांत नेटवर्कच्या तारा ओढणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्यासारखं घर महिन्यातून चार वेळा तरी बघतो. खरेदी आठवडाभर थांबवा.

आधी त्या ५४०० बद्दल. तो एका वेगाचा आकडा नाही, दोन पट्ट्यांची (वायफाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांच्या दोन गटांची) बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ४८०४. बेरीज ५३७८, ती वर ओढून ५४०० केली. एक फोन एका वेळी साधारण एकाच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे ही बेरीज तुमच्या हातात कधीच येत नाही. शिवाय ४८०४ गाठायला समोरच्या यंत्राला चार अँटेना आणि १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल (पट्ट्यातला तुकडा) लागतो. बहुतेक फोन-लॅपटॉपमध्ये अँटेना दोनच असतात आणि बरेच फोन ८० मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाहीत. अशा फोनसाठी कागदावरची मर्यादा १२०१. त्यातलं निम्मं ते साठ टक्के प्रत्यक्षात मिळालं तरी ते उत्तम समजायचं, कारण हवेत एका वेळी एकालाच बोलता येतं आणि प्रत्येक तुकड्याची पोच परत येईपर्यंत वेळ जातो.

आता ‘ताकद’. राउटरने किती जोरात बोलावं याला प्रत्येक देशात कायद्याची मर्यादा आहे. आठ अँटेना लावल्या म्हणून ती वाढत नाही. आणि समजा राउटर ओरडून बोलला, तरी फोनला उत्तर द्यायचं असतं, तेही आपल्या छोट्या बॅटरीवर. फोनवर पूर्ण दांड्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, त्याचं एक कारण हे: फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन ऐकू येत नाही.

मला तीन गोष्टी कळवा. भिंती कशाच्या, मधला स्लॅब काँक्रीटचा आहे का. लॅपटॉप त्या डब्याला तारेने जोडून वेग किती येतो. आणि प्रत्येक खोलीत सिग्नल किती डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) आहे. फोनवर वायफाय मोजणारं कुठलंही साधं ॲप चालेल.

कंदील

मी सरळ सांगतो, मेश घ्या, म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवायचे, आपसात बोलणारे वायफायचे डबे. आमच्याकडे तीन डब्यांचा संच आहे, दोन वर्षं झाली, घरभर एकच नाव आणि कुठेही फिरा. लावायला अर्धा तास लागला. अबोलीताईंना आठवडाभर मोजमापं करायला लावण्यापेक्षा हे सोपं आहे.

अबोली

तारवालादादा, मोजलं. भिंती विटांच्या आहेत, स्लॅब काँक्रीटचा.

पुढची खोली −३८, जिना −६१, मुलीची खोली −६६, आईची खोली −७२, माझी खोली −८२. हे सगळं ५ गिगाहर्ट्झचं. माझ्या खोलीत फोन बहुतेक वेळा स्वतःच २.४ वर जातो, तिथे −७१ दिसतं, तरीही वेग ८ ते ११ च्या वर जात नाही.

तारेने जोडल्यावर ९४ आला. तीनदा बघितलं, तीनही वेळा ९४. वायफायवर मात्र डब्याच्या शेजारी बसून १८५ येतो. तार हवेपेक्षा हळू कशी?

कंदील, तुमचंही मनात ठेवलंय. पण ९४ च्या आकड्याने आता उत्सुकता वाढलीय.

तारवाला

९४ हा फार बोलका आकडा आहे. १०० एमबीपीएसच्या तारेच्या जोडणीतून जोडणीचा स्वतःचा खर्च वजा जाता बरोबर तेवढाच उरतो. म्हणजे कुठेतरी जोडणी १००० ऐवजी १०० वर अडकलीय. एक तर डब्याचा तो पोर्ट १०० चा आहे, नाही तर तार सदोष आहे. गिगाबिटला तारेतल्या आठही वाहिन्या लागतात, १०० ला चार पुरतात. एक वाहिनी तुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि कोणाला कळत नाही. तार बदलून बघा.

नवा राउटर घेतानाही हे लक्षात ठेवा. स्वस्तातल्या एसी१२०० राउटरांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० असतं आणि मागचे पोर्ट १०० चे निघतात. इंटरनेट आत येतं ते त्याच पोर्टातून. तुमचा प्लॅन २०० चा, दार १०० चं. खोक्यावर ‘गिगाबिट’ हा शब्द शोधा आणि तो वॅन (इंटरनेट आत येतं तो पोर्ट) आणि लॅन (घरातली यंत्रं जोडायचे पोर्ट) दोन्हींसाठी आहे ना ते बघा.

आता डीबीएम. हा आकडा ऋण असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. दर ३ ने सिग्नल निम्मा होतो, दर १० ने दहावा हिस्सा. तुमच्या पुढच्या खोलीत −३८ आणि कामाच्या खोलीत −८२, म्हणजे ४४ चा फरक, म्हणजे वर पोचतो तो सिग्नल खालच्याच्या पंचवीस हजाराव्या हिस्स्याएवढा. व्हिडिओ कॉलला साधारण −६७ पर्यंत निर्धास्त असावं. −७५ च्या खाली तक्रारी सुरू होतात. आईंची खोली काठावर आहे, तुमची तर काठाबाहेर.

हा फरक राउटर बदलून भरून निघत नाही. चांगल्या राउटरने चार-सहा डीबी सुधारतील, फार तर. तुमच्या सिग्नलच्या वाटेत काँक्रीटचा स्लॅब आहे, त्यात लोखंडी सळयांची जाळी आहे, आणि तो तिरका पार करावा लागतोय. तिरकं गेलं की भिंतीची जाडीही वाढते. ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम ६ सेंटिमीटरची, २.४ ची सुमारे साडेबारा. आखूड लहर भिंतीत जास्त मरते.

एक फुकटचा उपाय आजच करा. डबा कपाटातून बाहेर काढून उघड्यावर, छातीच्या उंचीला ठेवा. टीव्हीची मागची बाजू धातूची असते, तिच्यापासून हातभर लांब. आरसा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, माशांची पेटी, हे सगळे सिग्नल अडवणारे.

मधली सुट्टी

वाचतोय, आणि माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे सिग्नल उत्तम, −५० च्या आत. वेगही पूर्ण येतो. पण घरात कोणाच्या फोनमधले फोटो साठवणीसाठी वर चढायला लागले की माझा कॉल खलास. बोललेलं दोन सेकंदांनी पोचतं. राउटर बदलू का?

तारवाला

तुमचं दुखणं वेगळं आहे, आणि राउटर निवडताना याचा विचार जवळपास कोणीच करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वर जाणाऱ्या वाटेचा वेग खाली येणाऱ्यापेक्षा अनेकदा बराच कमी असतो. फोटो त्या वाटेत भसाभस ओतले जातात. राउटर किंवा मोडेम ते टाकून न देता रांगेत उभे करतो, आणि रांग लांबतच जाते. तुमच्या आवाजाचं इवलंसं पुडकं त्या रांगेच्या शेपटाला लागतं. वेगमापनात हे दिसत नाही, कारण रांग भरलेली असली तरी माल पूर्ण वेगाने जातच असतो. बिघडतो तो विलंब. याला बफरब्लोट म्हणतात.

उपाय आहे आणि तो सॉफ्टवेअरचा आहे. कोडेल नावाची रांग हाताळायची पद्धत २०१२ साली मांडली गेली. पुढे एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून नोंदली गेली. त्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते, म्हणजे तुमच्या आवाजाला फोटोंच्या मागे उभं राहावं लागत नाही. केक ही त्याच घराण्यातली पुढची पद्धत. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ असं दिसलं तर तेच. ते चालू करायचं आणि वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास लावायची, म्हणजे रांग मोडेमात न साचता तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते. थोडा वेग सोडावा लागतो, पण घर शांत होतं.

खात्री करायची असेल तर एका खिडकीत पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) लावा आणि दुसरीकडे मोठी फाइल वर चढवा. पिंग २० मिलिसेकंदांवरून ४०० वर गेला तर निदान पक्कं.

साध्या राउटरच्या ‘क्यूओएस’ (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणाऱ्या) या बटणात दर वेळी हेच असतं असं नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घेतलात तर मात्र नक्की मिळतं. २००२ च्या शेवटी आलेल्या लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरचं सॉफ्टवेअर खुलं करावं लागलं, त्यातून हा प्रकल्प २००४ मध्ये उभा राहिला. आजही जिवंत आहे.

कंदील

तारवाला, तुमच्याकडून शिकायला मिळतंय, पण मेशबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. अबोलीताईंच्या घरी दोन मजले, मधे स्लॅब. मेश याच्यासाठीच असतं ना?

तारवाला

मेश वाईट नाही. प्रश्न एकच: डबे एकमेकांशी कशाने बोलतात?

तार नसेल तर तेही हवेतूनच. वरचा डबा खालच्याकडून एक तुकडा ऐकतो, मग तोच तुकडा लॅपटॉपला सांगतो. दोन्ही कामं एकाच पट्ट्यावर असतील तर वेग निम्म्यावर येतो, तिसरा डबा साखळीत आला की आणखी खाली. तीन पट्ट्यांच्या मेशमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी एक पट्टा राखून ठेवता येतो, तिथे हा तोटा कमी होतो. तुमचा संच बहुधा तसा असेल, किंवा तुमच्या मधल्या भिंती हलक्या असतील.

लोक दुसरी चूक करतात ती जागेची. जिथे रेंज नाही तिथेच डबा ठेवतात. अहो, तिथे त्या डब्यालाही रेंज नाही! तो अर्ध्या वाटेवर हवा, जिथे सिग्नल अजून −६० च्या आसपास आहे. अबोलीताईंकडे ती जागा म्हणजे जिना.

आणि तारेने जोडलेलं मेश म्हणाल तर मी हात जोडून हो म्हणतो. पण मग दोन साधे राउटर आणि मधे एक तार, हेही जवळपास तेच काम करतात.

कंदील

राखीव पट्टा आहे, बरोबर ओळखलंत. पण एक बाजू मांडतो. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, तार दारातून नेली तर दार लागत नाही. अशांसाठी मेश हाच मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तारवाला

मान्य, शंभर टक्के. भाड्याच्या घरात मीही तेच सुचवेन.

शांतरस

सुरक्षेकडे अजून कोणी वळलं नाही म्हणून लिहिते. राउटर हे घरातलं असं यंत्र आहे जे वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू असतं आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: कंपनी याला फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट किती वर्षं देणार? कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं पान उघडा आणि शेवटचा अपडेट कधीचा आहे ते बघा. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर ते मॉडेल सोडून द्या, कितीही वेगवान असो. क्रॅक (KRACK) नावाचा दोष ऑक्टोबर २०१७ मध्ये उघड झाला तेव्हा डब्ल्यूपीए२ (वायफायची सुरक्षा पद्धत) चालवणारं जवळपास प्रत्येक यंत्र त्यात सापडलं होतं. ज्यांना अपडेट मिळाले ती सावरली, बाकीची तशीच राहिली.

त्याची पुढची पद्धत डब्ल्यूपीए३ असलेलाच घ्या, ते २०१८ पासून आहे. जुनी यंत्रं अडली तर डब्ल्यूपीए२ आणि ३ ची मिश्र पद्धत लावता येते. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे दहा कोटींऐवजी फार तर ११ हजार प्रयत्नांत सापडतो. हे २०११ च्या डिसेंबरातच जाहीर झालं, तरी ते बटण अजून दिसतं. बाहेरून राउटर चालवायची सोय बंद ठेवा, आणि स्मार्ट दिवे, कॅमेरे वगैरे पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर टाका.

कोवळं ऊन

एक भाबडा प्रश्न. घ्यायचाच आहे तर वायफाय ७ का नको? पुढच्या काही वर्षांची चिंता मिटेल.

शांतरस

भाबडा अजिबात नाही. हे ४, ५, ६ असे सोपे आकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये आले, त्याआधी ८०२.११एन, एसी, एएक्स असली नावं पाठ करावी लागत. वायफाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. त्याची ३२० मेगाहर्ट्झची रुंदी फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळते. तो पट्टा किती खुला आहे हे देशागणिक वेगळं: अमेरिकेने २०२० मध्ये १२०० मेगाहर्ट्झ खुले केले, युरोपीय संघाने २०२१ मध्ये ४८०. आणि ६ गिगाहर्ट्झ भिंतीत ५ पेक्षाही लवकर मरतो. घरातले फोन वायफाय ५ किंवा ६ चे असतील तर ७ चा राउटर त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणार.

वायफाय ६ मात्र घेण्यासारखं आहे. त्यात एकाच वेळी अनेक यंत्रांना थोडी थोडी जागा वाटून देता येते, आणि ते २.४ वरही चालतं. वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झपुरतं होतं.

अबोली

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत बरंच घडलं, सांगते.

तार बदलली आणि ९४ चे १९६ झाले! जुन्या तारेच्या टोकाला एक वाहिनी उचकटलेली होती. डबा कपाटातून बाहेर काढला तर माझ्या खोलीत −८२ चे −७६ झाले, आईकडे −६७. फुकटात एवढं.

मग दादांचं वाचून एक प्रयोग केला. माळ्यावर जुना राउटर पडला होता, वायफाय ५ चा. वीस मीटरची तार जिन्यावरून तशीच उघडी टाकून तो वर नेला आणि दिवसभर काम केलं. एकदाही आवाज तुटला नाही. आईचा वर्ग पूर्ण तासभर न अडकता झाला. वर्ग संपल्यावर ती खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, “आज त्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू आला.” मला भरून आलं.

तर एक मोठा राउटर घ्यायचा विचार सोडला. तार ओढायची. कशी, ते सांगा. आणि जुना राउटर लावताना सुरुवातीला खालची यंत्रंही नेटपासून तुटली होती, ते का झालं?

तारवाला

वाचून फार बरं वाटलं. आधी मोजलंत, मग प्रयोग केलात. निम्मं काम झालं.

खालची यंत्रं तुटली कारण घरात दोन राउटर यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायला लागले. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला खालच्या डब्याच्याच मालिकेतला पण वेगळा पत्ता द्या (डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, डबा जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा), आणि तार वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा.

तार कॅट६ प्रकारची घ्या, त्याआधीची कॅट५ई सुद्धा गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. मात्र शुद्ध तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास खपते. ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नका. घरात जुन्या टीव्ही केबलचा पाइप असेल तर शोधा. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधायची आणि वरून जुनी ओढायची, नवी तिच्या मागोमाग येते. ओढताना एक तार नको, दोन टाका. मजुरी तेवढीच.

दोन्ही राउटरना एकच नाव, एकच पासवर्ड, एकच सुरक्षा पद्धत. २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ, खाली चॅनल १, वर ११. या पट्ट्यात १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. ५ वर ८० मेगाहर्ट्झ, दोघांना वेगळे चॅनल. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ टाळा: ते रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावाच लागतो आणि तुमचा कॉल मधेच उडतो. २.४ ची ताकद दोन्हीकडे मध्यम ठेवा, नाही तर वर गेलेला फोन खालच्याच राउटरला चिकटून बसतो.

राउटर कुठला, तर दोन अँटेनांचा एएक्स३००० (म्हणजे वायफाय ६ चा), गिगाबिट पोर्टवाला, अपडेट चालू असलेला. त्याहून मोठा नको.

मधली सुट्टी

मधेच कळवतो. पिंग १८ वरून ६२० वर जात होता. एसक्यूएमवाला राउटर घेतला, मर्यादा ९० टक्क्यांवर लावली, आता फोटो चढत असताना ३१. तारवाला, धन्यवाद.

अबोली

झालं एकदाचं.

टीव्हीच्या केबलचा पाइप पुढच्या खोलीतून थेट आईच्या खोलीत निघाला. जिन्याच्या वळणावर तार अडकली, तिथे तासभर गेला. मुलीने खालून ढकलली, मी वरून ओढली. दोन तारा टाकल्या. आईच्या खोलीतून माझ्याकडे दाराच्या चौकटीवरून नेली. शांतरसताईंनी सांगितल्याप्रमाणे अपडेटचं पान बघून एएक्स३००० चे दोन घेतले. खालच्या डब्याचं वायफाय बंद केलं, त्याच्या लॅन पोर्टाला खालचा नवा राउटर जोडला, वरचा माझ्या खोलीत. दोन्ही ॲक्सेस पॉइंट मोडवर, पत्ते फक्त तो डबाच वाटतो.

आजची मोजणी: माझी खोली −४१, आईची −५२, मुलीची −५६. वेग तिन्हीकडे १९० च्या वर. पाच दिवसांत मीटिंगमधून एकदाही बाहेर फेकली गेले नाही.

कंदील, तुम्ही म्हणालात तसा नाव-पासवर्ड एकच ठेवलाय. जिना चढताना कॉल अर्धा सेकंद अडखळतो, पण तुटत नाही. त्यावर काही करता येईल का?

कंदील

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘८०२.११आर’ किंवा ‘फास्ट रोमिंग’ असं काही आहे का बघा. दोन्हीकडे चालू करा. दोन्ही राउटर त्याबाबत एकमेकांशी जुळणारे असावे लागतात, तुमचे एकाच मॉडेलचे आहेत म्हणून शक्यता चांगली आहे. एखादं जुनं यंत्र त्यामुळे जोडलं जाईनासं झालं तर परत बंद करा.

अबोली

सापडलं, चालू केलं. मुलीला फोन देऊन जिन्यावर खाली-वर चार चकरा मारायला लावल्या, आवाज सलग येतोय. आईचा जुना टॅबही जोडलेला राहिला. दुसरी तार आईच्या खोलीत गुंडाळून ठेवलीय.